स्यमंतक, पाटल्या आणि कानोकानी



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ५६ आणि ५७.

एरवी आपण रोज एकच अध्याय घेतो. पण या दोघांची मिळून एकच गोष्ट आहे, मधेच तोडली तर अर्धी राहते. शिवाय खरं सांगायचं तर हे वाचन मी दोन दिवस पुढे ढकललंय. तुमच्यापैकी काहींच्या लक्षात आलंच असेल, कारण मंगळवारी मी जुनंच नामस्मरणाचं टाकलं होतं. कारण पुढे येईलच.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. गणपतीच्या दिवशी चंद्र बघायचा नाही, बघितला तर चोरीचा आळ येतो, आणि चुकून दिसलाच तर स्यमंतक मण्याची कथा ऐकायची, हे आपल्याकडे पोराटोरांना पाठ असतं. आमच्या चाळीत आम्ही चतुर्थीला संध्याकाळी मान खाली घालून जिना चढायचो. गंमत म्हणजे भागवताच्या या दोन अध्यायांत चंद्राचा उल्लेखच नाही. चंद्राचा भाग दुसरीकडून येऊन चिकटलाय. भागवतात आळ येतो तो माणसामुळे. एका भावामुळे.

द्वारकेत सत्राजित नावाचा यादव होता. सूर्याचा भक्त, भक्त कसला, दोस्तच. सूर्याने त्याला स्यमंतक मणी दिला. तो गळ्यात घालून सत्राजित गावात शिरला तेव्हा लोकांना वाटलं साक्षात सूर्यच आलाय. ते धावत कृष्णाकडे गेले. कृष्ण सोंगट्या खेळत होता. तो हसला आणि म्हणाला, अरे, सूर्य नाही तो, सत्राजित आहे. मणी रोज आठ भार सोनं द्यायचा. जिथे त्याची पूजा होते तिथे दुष्काळ नाही, रोगराई नाही, साप नाही, अकाली मरण नाही, असं वर्णन आहे.

आता हे ‘अकाली मरण नाही’ लक्षात ठेवा. कारण पुढच्या पंचाहत्तर-ऐंशी श्लोकांत या मण्यापायी मेलेल्यांची मोजदाद करायला एका हाताची बोटं लागतात.

कृष्णाने एकदा मणी उग्रसेन राजासाठी मागितला. सत्राजितने दिला नाही. मग एक दिवस त्याचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून घोड्यावरून शिकारीला गेला. सिंहाने त्याला मारलं, घोड्यालाही मारलं. सिंहाला जांबवानाने मारलं, आणि मणी गुहेत नेऊन आपल्या लेकराला खेळायला दिला.

ही ओळ वाचताना मी दरवेळी थांबते. ज्याच्यासाठी सगळी द्वारका पेटली, तो गुहेतल्या एका पोराचा खुळखुळा होता. अख्ख्या कथेत त्या मण्याने त्रास न दिलेला तेवढा एकच माणूस, म्हणजे तोही अस्वलाचा पोर.

इकडे सत्राजित काय म्हणतो? माझा भाऊ मणी घालून रानात गेला, परत आला नाही, कृष्णानेच मारला असणार. पुरावा शून्य. पण कृष्णाने एकदा मणी मागितला होता ना, झालं. आणि भागवत सांगतं की लोक हे ऐकून एकमेकांच्या कानात कुजबुजायला लागले. कानोकानी. सभेत कोणी उभं राहून आरोप केलेला नाही, तक्रार नाही, समोरासमोर विचारणं नाही. फक्त कानोकानी.

इथे मला पुस्तक मिटावं लागलं.

आमच्या घरात दोन पाटल्या आहेत. साडेचार तोळ्यांच्या, जुन्या घडणीच्या, वर बारीक नक्षी. आजीच्या म्हणून आईकडे आल्या आणि दोन वर्षांपूर्वी आई गेल्यावर लॉकरमध्ये राहिल्या. लॉकर आई आणि दादाच्या नावावर. आम्ही तीन भावंडं: दादा, ताई आणि मी शेंडेफळ. ताईचं म्हणणं, आईने आजारपणात तिला सांगितलं होतं की पाटल्या तुझ्या. दादाचं म्हणणं, त्या घराच्या आहेत, गौरींच्या अंगावर चढतात, आणि गौरी त्याच्याकडे बसतात. मला पाटल्या नकोच होत्या. निदान मी तसं म्हणत होते. माझा मुद्दा ‘तत्त्वाचा’ होता. तत्त्वाचा मुद्दा असलेल्या माणसाला घरात कोणी घाबरत नाही, आणि घाबरायला हवं.

सोन्याचा भाव तुम्ही बघताच आहात. दहा वर्षांपूर्वी ज्या दागिन्यावरून कोणी आवाज चढवला नसता, त्याच्यावरून आता भावंडं वकिलाचा नंबर शोधतात.

गेल्या फाल्गुनात ताईने लॉकर उघडायचा विषय काढला. दादा म्हणाला, बँकेचे कागद व्हायचेत. चैत्रात परत विचारलं, तर तेच. वैशाखात त्याने ग्रुपवर उत्तरच दिलं नाही, आणि त्याच महिन्यात त्याने गाडी घेतली. एका रात्री मावशीशी फोनवर बोलताना मी म्हणून गेले, ‘मला तर वाटतं त्याने पाटल्यांवर गोल्ड लोन काढलंय.’

एवढंच वाक्य. ‘मला तर वाटतं’ लावलं होतं, म्हणजे आरोप नाही असं मी स्वतःला समजावलं. सत्राजितच्या तोंडीही तसंच काहीतरी आहे, बहुतेक कृष्णानेच. आठ दिवसांत ते वाक्य मावशीकडून मामीकडे, मामीकडून वहिनीच्या माहेरी आणि तिथून दादाकडे पोचलं. तोपर्यंत त्यातलं ‘वाटतं’ गळून पडलं होतं. दादाने मला फोन केला नाही. त्याने फॅमिली ग्रुप सोडला. ‘दादा लेफ्ट’ ही एवढीशी करडी ओळ. तीन महिने आम्ही बोललो नाही.

कृष्णावर आळ आला तेव्हा त्याने काय केलं बघा. तो सत्राजितशी भांडायला गेला नाही. चार लोक बरोबर घेतले आणि प्रसेन ज्या वाटेने गेला त्या वाटेने चालत निघाला. आधी प्रसेनाचं प्रेत सापडलं, मग सिंहाचं, मग गुहा. लोकांना बाहेर बसवून तो एकटा आत गेला. जांबवानाशी २८ दिवस झुंज. बाहेरच्यांनी १२ दिवस वाट पाहिली आणि घरी निघून गेले. (आपण सगळे बारा दिवसवाले.) शेवटी जांबवानाने त्याला ओळखलं, मणी दिला, लेक जांबवती दिली. कृष्णाने द्वारकेत येऊन राजसभेत सत्राजितला बोलावलं, झालेलं सगळं सांगितलं आणि मणी त्याच्या हातात ठेवला. टोमणा नाही.

सत्राजित मान खाली घालून मणी घेऊन घरी जातो आणि त्याला झोप लागत नाही. हे आता कसं धुवून काढू, लोक मला लोभी, कोत्या बुद्धीचा म्हणणार नाहीत असं काय करू, हेच त्याच्या डोक्यात. मग तो कृष्णाला आपली लेक सत्यभामा देतो आणि वर मणीही देऊ करतो. कृष्ण सत्यभामेला स्वीकारतो, मणी परत करतो. तुमच्याकडेच राहू द्या म्हणतो.

इथे संपली असती तर छान गोष्ट होती. कीर्तनात बहुतेक वेळा इथेच संपते. पण मग ५७वा अध्याय आहे.

पांडव लाक्षागृहात जळाले अशी बातमी येते, म्हणून कृष्ण आणि बलराम हस्तिनापूरला जातात. मागे अक्रूर आणि कृतवर्मा हे दोघे शतधन्व्याचे कान भरतात. सत्यभामा आपल्याला देतो म्हणाला होता आणि दिली कृष्णाला, मग मणी तरी का ठेवायचा त्याच्याकडे? हाच तो अक्रूर, जो रथ घेऊन गोकुळात कृष्णाला न्यायला आला होता आणि वाटेत ज्याला डोहात विष्णुरूप दिसलं होतं. वाचनगटातल्या एकीने मला गेल्या वर्षी विचारलं होतं की एवढं दर्शन झालेला माणूस असं कसं करतो? मी तेव्हा काहीतरी गुळगुळीत उत्तर दिलं होतं. आज देणार नाही. करतो. मी रोज सकाळी भागवत वाचते आणि रात्री मावशीला फोन करते.

शतधन्वा सत्राजितला झोपेत मारतो आणि मणी पळवतो. सत्यभामा बापाचं प्रेत तेलाच्या द्रोणीत ठेवते आणि थेट हस्तिनापूरला जाऊन नवऱ्याला सांगते. दोघे भाऊ परत येतात. शतधन्वा घाबरून मणी अक्रूराकडे टाकून घोड्यावरून पळतो, शंभर योजनं. मिथिलेच्या बाहेर एका बागेत घोडा कोसळतो. कृष्ण रथातून उतरून पायी त्याच्यामागे जातो, चक्राने डोकं उडवतो, कपडे तपासतो. मणी नाही. परत येऊन मोठ्या भावाला म्हणतो, याला उगाच मारलं, मणी याच्याकडे नाहीच.

आणि इथे बलराम म्हणतो: मग त्याने कुणाकडे तरी ठेवला असेल. तू गावात जाऊन शोध. मला जरा विदेहाच्या राजाला भेटायचंय.

भागवतात एवढंच. रागाचा एक शब्द नाही. पण बलराम मिथिलेला जातो आणि काही वर्षं तिथेच राहतो. परत येत नाही. तिथेच दुर्योधन त्याच्याकडे गदा शिकला, म्हणजे या रुसव्याचे धागे पार कुरुक्षेत्रापर्यंत जातात. विष्णुपुराणात, चौथ्या अंशाच्या तेराव्या अध्यायात, पडदा जरा जास्त बाजूला केलाय. तिथे बलराम स्पष्ट सांगतो की माझा तुझ्यावर विश्वास नाही, तुझ्या खोट्या शपथा पुरे, तू तुझ्या वाटेने जा, मला द्वारकाही नको आणि तूही नकोस. तीन वर्षांनी उग्रसेन वगैरे मंडळींनी जाऊन समजूत काढली तेव्हा तो आला.

राम-लक्ष्मणासारखीच जिची उपमा द्यावी अशी ही जोडी. एका रथात बसून आली होती. आणि भावाने भावावर संशय घेतला तो कशावरून, तर दगडावरून. मला सगळ्यात जास्त चटका लावते ती बलरामाची पद्धत. ‘मला जरा एकाला भेटायचंय.’ भांडण न करता निघून जाणं. ‘दादा लेफ्ट.’

आषाढात मी वाईला आत्याकडे गेले. हेतू अजिबात चांगला नव्हता. आईने ताईला खरंच सांगितलं होतं का, याला आत्या साक्षीदार होईल, असं मला वाटत होतं. आत्या ७६ वर्षांची, बाबांची मोठी बहीण. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मी पाटल्यांचा विषय काढल्यावर ती शेंगा सोलत होती ती थांबली.

‘आईच्या कशा गं होतील? आजीच्या तरी कुठे होत्या त्या?’

‘मग?’

‘माईच्या.’

माई म्हणजे आजोबांची बहीण. आम्ही लहान असताना ती आमच्या घरातच होती, १९९९ साली गेली. मला ती आठवते. पांढरं लुगडं, मोकळे हात, स्वयंपाकघरातलं तिचं ते लाकडी पाट ठेवलेलं ठिकाण. माझ्या केसांना तेल तीच लावायची.

आत्याने सांगितलं ते असं. माईचं लग्न १९४२ साली झालं, ती १५ वर्षांची होती. बापाने पाटल्या घडवून घातल्या. दोन वर्षांत नवरा विषमज्वराने गेला. सासरच्यांनी बाकीचं ठेवून घेतलं आणि तिला माहेरी आणून सोडलं, पण पाटल्या हातात होत्या. त्या तिच्या बापाने उतरवून घेतल्या. आता तुला काय करायच्यात, म्हणून. आणि १९४८ मध्ये तिच्या भावाचं लग्न झालं, तेव्हा त्याच पाटल्या उजाळून नव्या सुनेच्या हातात घातल्या. म्हणजे माझ्या आजीच्या. माई तेव्हा २१ वर्षांची होती. त्या लग्नात ती मागच्या खोलीत लाडू वळत होती.

‘तिला विचारलं होतं का कोणी?’

‘विधवेला विचारतं का कोणी?’ आत्या म्हणाली. ‘आणि आजीला हे पुढे कळलं, तेव्हा तिने काढून दिल्या होत्या गं. माईने घेतल्या नाहीत. घालणार कुठे होती ती? तेव्हापासून दोघी त्यावर बोलल्या नाहीत. पन्नास वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला.’

एसटीत बसून परत येताना मला एकेक आठवत गेलं आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले.

दिवाळीच्या आधी माई रिठे भिजत घालायची. त्या पाण्यात पाटल्या टाकून, जुन्या मऊ ब्रशाने नक्षीतला मळ काढून, मलमलच्या फडक्याने पुसून आईच्या हातात द्यायची. दरवर्षी. मी शेजारी बसून फेस उडवायचे. स्वतःच्याच पाटल्या धूत होती ती. आणि गौरीजेवणाला बायका हळदीकुंकवाला आल्या की ती आत जाऊन बसायची, तेव्हा त्या पाटल्या बाहेर गौरीच्या हातात असायच्या.

आणखी एक. पाटल्या चढवताना आईला साबण लावायला लागायचा. मनगट लाल व्हायचं. दरवेळी म्हणायची, ‘सासूबाईंचा हात इतका बारीक होता तरी कधी?’ आजी तर चांगली हाडापेराने मोठी होती, फोटो आहेत. म्हणजे तिलाही त्या घट्टच होत असणार. हात बारीक होता तो पंधरा वर्षांच्या मुलीचा. घरातल्या प्रत्येक बाईला त्या पाटल्यांनी दरवर्षी सांगितलं होतं की आम्ही तुझ्या मापाच्या नाही, आणि आम्ही साबण बदलत राहिलो.

आता परत अध्यायाकडे येऊ, कारण इथे कृष्णाने जे केलंय ते मी आजवर नीट वाचलंच नव्हतं.

अक्रूर मणी घेऊन द्वारकेबाहेर गेलेला असतो. कृष्ण त्याला बोलावून घेतो, मान देतो, गोड बोलतो आणि मग सरळ सांगतो: शतधन्व्याने मणी तुझ्याकडे ठेवलाय हे मला आधीपासून माहीत आहे. (अक्रूर सोन्याच्या वेदी करून अखंड यज्ञ करत होता. लपवणारा माणूस पैशाचं काहीतरी दाखवतोच.) मग तो हक्काचं बोलतो. सत्राजितला मुलगा नव्हता. तेव्हा त्याचं जे आहे ते त्याच्या मुलीच्या मुलांचं. पण कधी? त्याला पाणी आणि पिंड देऊन, आणि त्याचं ऋण फेडून झाल्यावर जे उरेल ते.

क्रम बघा. आधी पाणी, मग कर्ज, मग वाटा. आपण बरोबर उलटं करतो. आधी वाटा, आणि कर्जाचा विषय निघाला की बँकेच्या स्टेटमेंटवर थांबतो. माणसाचं देणं सोन्यातही असू शकतं, हे आमच्या घरात ७७ वर्षं कुणाच्या वहीत लिहिलेलं नव्हतं.

आणि कुणी म्हणेल ‘तेव्हा तशी रीतच होती’, तर ते अर्धंच खरं. बापाने, आईने, भावाने दिलेलं आणि लग्नात अग्नीसमोर मिळालेलं ते बाईचं स्त्रीधन, असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते. तिच्यावरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका तर आपल्याकडे शेकडो वर्षं वारसाच्या कज्ज्यांत प्रमाण मानली गेली. दुष्काळ, आजारपण, कैद अशा अडचणीत नवऱ्याने स्त्रीधन वापरलं तर त्याला परत न करण्याची सूट आहे, पण ती नवऱ्याला. विधवा लेकीच्या हातातून बापाने काढून सुनेच्या हातात घालायला शास्त्राचा आधार नव्हता. रीतीचा होता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने बाईची मालमत्ता पूर्णपणे तिची ठरवली, तेव्हा माई २९ वर्षांची होती आणि आमच्या घरात पोळ्या लाटत होती. तिला हे कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

पुढे कृष्ण अक्रूराला म्हणतो, तरीही मणी तुझ्याकडेच राहू दे, तू व्रतस्थ आहेस, दुसऱ्याला तो सांभाळणं अवघड आहे. फक्त एक कर. माझ्या मोठ्या भावाचा मण्याबाबत माझ्यावर पूर्ण विश्वास नाही. तेव्हा एकदा सगळ्या आप्तांना तो दाखव.

हे वाक्य म्हणताना कृष्णाला कसं वाटलं असेल? साक्षात भगवंत, आणि तिऱ्हाइताला सांगतोय की माझा दादा माझ्यावर विश्वास ठेवत नाही. मण्यासाठी केलेल्या सगळ्या धावपळीत त्याने स्वतःसाठी एवढी एकच गोष्ट मागितली आहे.

अक्रूर फडक्यात गुंडाळलेला मणी आणून देतो. कृष्ण तो सगळ्यांना दाखवतो आणि परत अक्रूराला देतो. विष्णुपुराणात इथे फार मानवी प्रसंग आहे: मणी समोर आल्यावर बलरामाला वाटतं यात माझाही वाटा आहे, सत्यभामेला वाटतं हे तर माझ्या बापाचं धन, आणि त्या दोघांचे चेहरे बघून कृष्णाला आपण बैल आणि गाडीचं चाक यांच्या मधे सापडल्यासारखं होतं. ज्यांच्या घरात वाटण्या झाल्यात त्यांना हा चेहरा ओळखता येईल. आमच्या वहिनीचा गेले सहा महिने तसाच आहे.

मी वाईहून आल्यावर दादाला फोन केला. त्याने उचलला नाही. मग मी लिहिलं. मावशीला मी काय म्हणाले, ते कसं पसरलं, आणि ते खोटं होतं की खरं हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आत्ताही नाही, पण मी ते तुझ्या तोंडावर विचारायला हवं होतं. मग माईचं सगळं लिहिलं. दोन दिवस निळ्या खुणा होऊन पडून होत्या. तिसऱ्या रात्री त्याचा फोन आला. पहिलं वाक्य:

‘माईला मी पाणी देतो.’

मला कळलंच नाही.

‘सर्वपित्रीला. बाबा द्यायचे, म्हणून मी देतो. तिला पुढे कोणी नाही म्हणून बाबा तिचं नाव वेगळं घ्यायला लावायचे गुरुजींना. बाबा गेल्यापासून दरवर्षी मी घेतो. पाटल्यांचं मला माहीत नव्हतं गं.’

नऊ वर्षं. मला भाऊ चोर वाटत होता आणि तो नऊ वर्षं तिच्या नावाने तीळ-पाणी सोडत होता. माझं काय, तर मी ‘स्त्रीवाद आणि भागवत’ असं तीन भागांत लिहिलंय आणि माईची पुण्यतिथी मला माहीत नाही.

लॉकरचं काय झालं होतं, हेही विचारलं. आधी खरंच कागदांचा आळस. ‘आणि मग तुझं ते ऐकलं, तेव्हा म्हटलं, चोर ठरवलंत ना, मग चोराकडे मागताय कशाला. उघडायचंच नाही.’ यावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतं.

गणपतीच्या आधीच्या रविवारी तो पाटल्या घेऊन ताईकडे आला. स्टीलच्या डब्यात, लाल फडक्यात. जेवणं झाल्यावर टेबलावर ठेवल्या. कोणी हात लावेना. दादाची लेक दहावीत आहे, तिने विचारलं, ‘मी बघू घालून?’ साबण न लावता गेल्या. सहज. पोरगी पंधरा वर्षांची आहे. तिने हात फिरवून बघितला, मग आमचे चेहरे बघितले आणि लगेच काढून ठेवल्या.

ताई रडली, पण तिने हक्क सोडला असं समजू नका. ती म्हणाली, आईने मला सांगितलं होतं ते खोटं नाही. दादा म्हणाला, मी खोटं म्हणतच नाहीये. मी म्हटलं, मोडून एखाद्या मुलीच्या शिक्षणाला देऊ या माईच्या नावाने. दोघंही एकदम माझ्यावर ओरडले. मोडायचं नाव काढायचं नाही. निदान एका गोष्टीवर एकमत झालं. सर्वपित्री अमावास्या होईपर्यंत कोणी विषय काढायचा नाही, एवढं ठरलं. दादा ग्रुपवर परत आलाय, अजून काही लिहीत नाही.

मावशीला, मामीला आणि वहिनीच्या आईला मी एकेक फोन केला. जेवढ्या कानांत गेलं तेवढ्या कानांतून काढायला. मामी म्हणाल्या, ‘अगं, मी विसरले पण होते.’ विसरल्या नव्हत्या.

परवा गौरी येतील. या वर्षी पाटल्या गौरीला घालायच्या की नाही यावर काल बरंच झालं. शेवटी वहिनीने ठरवलं. घालायच्या, पण आत्याला वाईहून आणायचं आणि माईचा फोटो आत नाही, बाहेर, गौरीशेजारी ठेवायचा. माईचा एकच फोटो सापडलाय, ताईच्या बारशाचा. कडेला अर्धी आलीये, हातात तेलाची वाटी.

आज सकाळी वहिनीचा मेसेज होता: ‘येताना रिठे आणशील का? इकडे कुठे मिळत नाहीयेत.’ स्टेशनच्या बाहेरच्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळाले. पाव किलो. रात्री भिजत घालायला हवेत.

उद्याचं वाचन अध्याय ५८, कालिंदीचं लग्न.

राम कृष्ण हरी.